पाठीवरचं नाव

४ मे २०२४ च्या रात्री कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मुंबई सिटीने मोहन बागानला ३-१ असं हरवलं आणि इंडियन सुपर लीगचा, म्हणजे फुटबॉलच्या आयएसएलचा करंडक जिंकला. कर्णधार होता राहुल भेके. रोह्याला आमच्या घरी टीव्हीसमोर बसलेल्या धाकट्या भावाच्या पाठीवर तेच आडनाव होतं. मग जून उजाडला, पाऊस लागला आणि एकेक बातमी यायला लागली. भेके बंगळुरूला चालला. अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल मारणारा पेरेरा दियाझ, तोही बंगळुरूला. आणि मधली फळी सांभाळणारा मिझोरमचा अपुइया तर थेट मोहन बागानला, म्हणजे महिनाभरापूर्वी ज्यांना त्यांच्याच मैदानात हरवलं त्यांच्याकडे. भावाकडे शर्ट भेकेचा, माझ्याकडे अपुइयाचा. दोन्ही शर्ट धडधाकट, शिवण कुठे उसवलेली नाही, रंग उडालेला नाही.

"दादा, आता ह्यांचं करायचं काय?" भावाने विचारलं. पगारातून पैसे बाजूला काढून ज्याने असा शर्ट घेतला आहे त्याला हा प्रश्न लगेच कळेल. बाकीच्यांना तो पोरकट वाटेल, पण मला तो तसा कधीच वाटला नाही. कपाट उघडून बसलो तेव्हा लक्षात आलं की दोनच काय, आमच्या घरात गेलेल्या माणसांच्या नावाचे आणखीही शर्ट आहेत. त्या पावसाळ्यापासून पेण-रोह्यात जे पाहिलं आणि करून पाहिलं, ते सांगतो.

आमच्याकडे फुटबॉल खेळ म्हणून मागाहून आला, शर्ट म्हणून आधी आला. रायगड जिल्हा कबड्डीचा. त्याच्या खालोखाल टेनिस चेंडूचं क्रिकेट, रात्री दिव्यांच्या उजेडात चालणारं. पण त्याच मैदानाच्या कडेला उभी राहिलेली पोरं बघा. कोणाच्या पाठीवर रोनाल्डो ७, कोणाच्या मेस्सी १०. पेणच्या आणि रोह्याच्या बाजारात हे शर्ट टांगलेले असतात, स्वस्त असतात, आणि घेणाऱ्याला तो माणूस सध्या कुठल्या देशात खेळतो हे ठाऊक असावं लागत नाही.

आम्हा भावांचं मात्र तसं नव्हतं. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा मुंबई सिटीचे घरचे सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर होत, आणि नेरूळ आम्हाला जवळ. रोह्याहून दिवा गाडी पकडायची, निडी, नागोठणे, कासू, पेण, हमरापूर, आपटा करत पनवेल गाठायचं आणि तिथून हार्बर लोकल. रात्री सामना सुटेपर्यंत परतीची गाडी गेलेली असे, मग पनवेलला काकांकडे मुक्काम. २०१५ च्या ऑक्टोबरात तिथेच सुनील छेत्रीने नॉर्थईस्ट युनायटेडवर तीन गोल चढवले. आयएसएलमध्ये भारतीय खेळाडूने केलेली ती पहिली हॅटट्रिक. 'छेत्री ११' हा आमच्या घरातला पहिला नावाचा शर्ट.

पुढच्या वर्षी संघ अंधेरीला गेला आणि उरुग्वेचा दिएगो फोर्लान आला. २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस, आपल्या लोकलने जाऊन बघता येईल अशा मैदानात! १९ नोव्हेंबर २०१६ ला त्याने केरळा ब्लास्टर्सवर तीन गोल मारले, सामना ५-० सुटला. नोटाबंदी नुकतीच झालेली. जुन्या पाचशेच्या नोटा कोणी घेत नव्हतं, शंभराच्या मिळत नव्हत्या. येण्याजाण्याच्या तिकिटाचे सुटे मोजून वेगळे ठेवले आणि उरलेल्यात दोन वडापाव खाऊन आम्ही तो सामना पाहिला. 'फोर्लान १०' त्या मोसमातला. तो एका मोसमानंतर गेला. छेत्री मुळात बंगळुरूचाच. २०१७ मध्ये तो संघ आयएसएलमध्ये उतरला आणि छेत्री त्यांच्याकडून खेळू लागला.

भेकेची गोष्ट निराळी. तो मुंबईचा. मुंबईच्या संघाच्या पाठीवर आपलं आडनाव वाचायला मिळणं ह्याचं आम्हाला किती अप्रूप होतं ते सांगून कळायचं नाही. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये त्याने डोक्याने मारलेल्या गोलाने मुंबईला इराकच्या एअर फोर्स क्लबवर २-१ असा विजय मिळवून दिला. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. दुसऱ्या दिवशी धाटावला पहिल्या पाळीला मी रात्र जागून गेलो होतो आणि कारखान्यात भेटेल त्याला हे सांगत होतो. बहुतेकांना राहुल भेके कोण ते माहीत नव्हतं. "मराठी आहे?" एवढं मात्र प्रत्येकाने विचारलं.

म्हणून तो गेला तेव्हा भावाला लागलं. "नाव काढून टाकतो. शर्ट क्लबचा आहे, नुसता क्लबचाच राहू दे," असं त्याचं म्हणणं. पेणला आमच्या ओळखीचे एक छपाईवाले काका आहेत. त्यांच्याकडे दोन्ही शर्ट घेऊन गेलो. जुलै होता, गोपाळकाल्याच्या टी-शर्टांचा हंगाम. दुकानभर पथकांचे शर्ट. पुढे देणगी देणाऱ्याचं नाव, मागे गोविंदाचं. काकांनी भेकेचा शर्ट उलटा केला, बोटाने अक्षराची कड चाचपली आणि म्हणाले, "हे व्हिनाइल. वरून चिकटवलंय, दीडशे अंशाच्या आसपास दाबून. निघेल. पण आधी एक बघा."

त्यांनी कोपऱ्यातून एक जुना शर्ट काढला. कोणाचा तरी वापरून झालेला, नंबराचा. त्यावर सुती फडकं टाकून इस्त्री फिरवली, चिमट्याने आकड्याचं टोक धरलं आणि हळूहळू सोलत नेलं. आकडा अख्खा हातात आला. खाली चिकट थर राहिला, तो थिनरच्या बोळ्याने पुसला. आणि मग ते दिसलं. आकड्याच्या आत कापडाचा रंग नव्यासारखा गडद होता, बाहेर सगळा शर्ट उन्हाने आणि धुण्याने फिका पडलेला. आकडा काढला होता तरी सहज वाचता येत होता. उलट आता जास्तच डोळ्यांत भरत होता. शिवाय इस्त्री जरा जास्त टेकली होती तिथे पॉलिस्टर चकाकायला लागलं होतं, आणि ती चकाकी कायमची.

"आणि हा दुसरा प्रकार," म्हणत त्यांनी बाजारातला मेस्सीचा शर्ट दाखवला. सब्लिमेशन. कागदावर छापलेली शाई दोनशे अंशाला वाफ होऊन धाग्याच्या आत शिरते. वर काही चिकटलेलं नसतंच, त्यामुळे सोलायचं काय? शर्ट फाटेपर्यंत नाव तिथेच. काही गिऱ्हाइकं नावावर पट्टी मारून मागतात, म्हणाले. पट्टी मारली की पाठीवर एक मोठा चौकोन दिसतो आणि भेटणारा प्रत्येक जण विचारतो, खाली काय होतं. भावाने शर्ट उचलला, घडी केली, पिशवीत टाकला. परतीच्या गाडीत नागोठण्यापर्यंत तो काही बोलला नाही.

मी मात्र त्या दिवसापासून ह्या नावांचाच विचार करत होतो. पाठीवर नाव असणं ही काही फुटबॉलची जुनी रीत नाही. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा बहुतेकांच्या पायांत बूटही नव्हते, पाठीवर नाव कुठलं? पेलेच्या सांतोसच्या शर्टावर नुसता १०. विश्वचषकात नावं आली १९९४ ला, अमेरिकेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १९९३-९४ च्या मोसमापासून प्रत्येकाला मोसमभराचा ठरलेला नंबर आणि वर नाव. त्याच्या आधी १ ते ११ आकडे असत आणि त्या दिवशी जो खेळेल तो त्या आकड्याचा. शर्ट विकत घेणारा क्लबचा शर्ट घेई. नाव आलं आणि तो एका माणसाचा शर्ट झाला. क्लबांना ते सोयीचं आहे. माणूस गेला की नवा माणूस, नवं नाव, नवा शर्ट. दर मोसमाला शर्टाची नक्षीही बदलतात. हा व्यापार आहे आणि आपण त्यात स्वखुशीने पैसे घालतो. माझी त्याला हरकत नाही. पण जुन्या शर्टाची लाज वाटली पाहिजे असा जो सूर त्याच्याबरोबर येतो, त्याला माझी हरकत आहे.

रागापोटी लोक काय करतात तेही पाहिलं आहे. जानेवारी २०११ मध्ये फर्नांडो टोरेस लिव्हरपूल सोडून चेल्सीला गेला तेव्हा क्लबच्या सरावाच्या मैदानाबाहेर त्याच्या नावाचे शर्ट जाळले गेले. त्या जळत्या शर्टाचे फोटो जगभर फिरले. मला त्यात कधीच काही शूरपणाचं वाटलं नाही. पॉलिस्टर जळत नाही नीट, वितळतं, काळा धूर काढतं आणि रस्त्याला चिकटतं. आणि जाळलं काय, तर ज्या संध्याकाळी आपण त्याच्या गोलावर उभे राहून ओरडलो ती संध्याकाळ. टोरेस गेला म्हणून त्याने लिव्हरपूलसाठी मारलेले गोल परत जात नाहीत.

आणि माणसं परतही येतात. रोनाल्डो २००९ मध्ये मँचेस्टर युनायटेड सोडून माद्रिदला गेला. रोह्यातल्या माझ्या एका मित्राने त्याचा लाल शर्ट डांबराच्या गोळ्या घालून जपून ठेवला होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्डो युनायटेडला परतला, तेव्हा मित्राने तो बाहेर काढला, पोटावर जरा घट्ट होत होता तरी घातला आणि आठवडाभर मिरवला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात रोनाल्डो पुन्हा गेला, ह्या वेळी भांडून. मित्र अजून तो शर्ट घालतो. "दोनदा गेला म्हणून काय झालं, दोनदा आला पण," असं त्याचं म्हणणं.

ह्या सगळ्यात आईचं मत फार साधं होतं आणि मला ते सर्वांत पटलं. दोघे भाऊ शर्टांचा ढीग पुढ्यात घेऊन बसलो होतो, बाहेर पाऊस ओतत होता. "ह्यांना झालंय काय? फाटलेत का? मग घाला की," ती म्हणाली. "सुती कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, कुबट वास मारतात. हे रात्री टाकले की सकाळी कोरडे."

कोकणातल्या पावसाळ्यात राहिलेल्यालाच ह्या वाक्याचं मोल कळेल. कुंडलिका नदीला पाणी चढलेलं असतं, भिंतींना ओल, दाराच्या फळ्या फुगलेल्या. घरात दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर चड्ड्या, टॉवेल, चादरी लोंबत असतात. चामड्याच्या चपलेवर दोन दिवसांत बुरशी येते. अशा वेळी हलकं, जाळीचं, पाणी न धरणारं कापड सोन्यासारखं. त्यामुळेच हे शर्ट आमच्याकडे गावोगाव पोचले असणार, मेस्सीमुळे नव्हे, असं मला आता वाटायला लागलं आहे. जुलैत पेण ते रोहा गाडीच्या खिडकीतून नुसतं बघत या. लावणी चाललेली असते. गुडघाभर चिखलात वाकलेली माणसं, हातात रोपांची मूठ, डोक्यावर इरलं किंवा प्लॅस्टिक, आणि पाठीवर इंग्रजी अक्षरांत रोनाल्डो, नेमार, बेकहॅम. बेकहॅम म्हणजे निदान वीस वर्षं जुना! वाकलेल्या पाठीवर नाव कसं ताणून स्पष्ट दिसतं. त्या शेतात कोणी विचारत नाही की हा सध्या कुठे खेळतो.

दुसरी जागा हमरापूरची. आत्याच्या सासरचा गणपतीचा कारखाना तिथे आहे. पेणचे गणपती जगभर जातात, पण त्यातले पुष्कळसे घडतात ते हमरापूर, जोहे ह्या आजूबाजूच्या गावांत. श्रावण लागण्याच्या सुमाराला कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. साच्यातून काढलेल्या मूर्ती घासून घेतात, मग पांढरा हात, मग अंगाचा रंग फवाऱ्याने, मग सोवळं, शेला, दागिने, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. ती ज्याच्या-त्याच्या हाताला जमत नाही. आत्याच्या दिरांकडे आखणी करणारा एक कारागीर आहे, गेली कित्येक वर्षं तोच. मी गेलो तेव्हा त्याच्या अंगावर बार्सिलोनाचा शर्ट होता, मेस्सी १०. मूळ निळे-लाल पट्टे शोधावे लागत होते. त्यावर अंगरंगाचे गुलाबी शिंतोडे, पितांबराचा पिवळा, सोनेरी पावडर, आणि डाव्या खांद्याजवळ काळ्या रंगाच्या बारीक रेघांची एक जाळी. आखणीच्या ब्रशाचं टोक करायला तो ब्रश तिथे खांद्यावरच फिरवतो. काळ्यात बुडवला, खांद्यावर दोनदा ओढला, श्वास रोखला आणि बुबुळाची कड एका झटक्यात. वर्षानुवर्षांच्या त्या रेघांनी मेस्सीचं पहिलं अक्षर जवळजवळ झाकलं गेलं होतं.

"मेस्सी तर बार्सिलोनातून २०२१ लाच गेला," मी म्हटलं.

"हो? कुठं गेला?" त्याने मान न वळवता विचारलं. पॅरिसला, मग अमेरिकेत मायामीला, मी सांगितलं. "बरं झालं," तो म्हणाला, "आपली माणसं पण जातात गणपती घेऊन अमेरिकेला." आणि पुढची मूर्ती ओढून घेतली.

मी फोर्लानचा शर्ट त्याला दिला. नवाकोरा नव्हता, पण धड होता. त्याने आधी कापड दोन बोटांत धरून पाहिलं, जाळी कुठे मोठी आहे का ते पाहिलं आणि ठेवून घेतला. पुढच्या हंगामात गेलो तेव्हा तो त्याच्या अंगात होता आणि खांद्यावर रेघा पडायला सुरुवात झाली होती.

बोहारणीकडेही प्रयत्न केला. आता त्या कमी झाल्या आहेत, तरी आमच्या आळीत एक येते, डोक्यावर टोपली, हातात स्टीलची भांडी. साड्या आणि पँटी बघून तिचे डोळे चमकतात. खेळाचे शर्ट तिने उलटेपालटे केले आणि बाजूला सारले. "ह्याला पुढं कोण विचारत नाय." दोन शर्टांना चहाची गाळणीसुद्धा द्यायला ती तयार नव्हती. गोधडीचंही जमलं नाही. आत्या गोधड्या उत्तम शिवते, पण पॉलिस्टर सुईखाली सरकतं, टाके ओढले जातात, आणि उन्हाळ्यात ते अंगावर घेतलं की घाम फुटतो. तिने एक शर्ट मधल्या थरात घालून पाहिला आणि उसवून परत दिला. फडकी करावीत तर ती पाणी शोषत नाहीत, नुसती पसरवतात. म्हणजे हा कपडा अंगात घालण्यासाठीच आहे, दुसऱ्या कशासाठी नाही. ते कळल्यावर मला हायसं वाटलं.

मग उरतं ते देणं. त्याबद्दल मला थोडं स्पष्ट लिहायचं आहे. दिवाळीच्या आसपास रोह्याच्या भोवतालच्या आदिवासी वाड्यांवर कपडे वाटायला गाड्या येतात. त्यात काय काय असतं ते मी गाठोडी सोडताना पाहिलं आहे. चेन तुटलेल्या पँटी, बटणं नसलेले सदरे, लग्नात एकदा घातलेले जरीचे कोट. जे आपल्याला नको ते दुसऱ्याला हवंच असेल, हा समज मला चीड आणतो. आम्ही गेलो ते ओळखीच्या गुरुजींना विचारून, मुलांची मापं विचारून. आमचे शर्ट सगळे मोठ्यांच्या मापाचे, म्हणून फक्त वरच्या वर्गातल्या उंच मुलांसाठी नेले, धुऊन, घडी करून, फाटका एकही नाही. छेत्रीचा शर्ट एका मुलाने उचलला. पाठीवरचं नाव त्याने अक्षर अक्षर लावून वाचलं. "हा आपल्या इंडियाचा कॅप्टन ना?" त्याने विचारलं. आम्ही गेलो तेव्हा छेत्री निवृत्त झालेला होता, ६ जून २०२४ ला कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून. "होता," माझा भाऊ म्हणाला. (पुढच्या मार्चमध्ये तो निवृत्ती मोडून परतला, तेव्हा आम्हा दोघांनाही त्या मुलाची आठवण झाली.) मुलाने शर्ट तिथेच अंगातल्या शर्टावरून घातला. बाह्या कोपराखाली आल्या. बाकीची पोरं त्याला लगेच छेत्री म्हणून हाका मारायला लागली, आणि चेंडू काढून मागच्या शेतात पळाली.

माणूस क्लब सोडून जाणं वेगळं आणि जगातूनच जाणं वेगळं. आमच्या कारखान्यात मडगावचा एक सहकारी आहे. त्याच्यापाशी विषय काढला तर तो गप्प झाला आणि मग क्रिस्तियानो ज्युनियरबद्दल बोलायला लागला. ब्राझीलचा तो स्ट्रायकर गोव्याच्या धेंपो क्लबकडून खेळायचा. ५ डिसेंबर २००४, बंगळुरूला फेडरेशन कपचा अंतिम सामना, समोर मोहन बागान. त्याचे दोन गोल झाले, आणि दुसऱ्या गोलाच्या वेळी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला तो उठलाच नाही. धेंपोने तो करंडक २-० ने जिंकला आणि त्याचा १० नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही असं ठरवलं. २०२५ च्या जुलैत लिव्हरपूलचा दियोगो जोटा मोटार अपघातात गेला, तेव्हा लिव्हरपूलनेही त्याचा २० नंबर सर्व संघांतून कायमचा काढून घेतला. अशा शर्टाचं काय करावं हे कोणी कोणाला सांगू नये. सहकाऱ्याच्या घरी धेंपोचा एक जुना शर्ट आहे, त्याच्या वडिलांचा. तो कोणी घालत नाही आणि कोणाला देतही नाही. आमच्याकडे क्रिकेटमध्ये शार्दूल ठाकूरने, आपल्या पालघरच्या पोराने, २०१७ मध्ये श्रीलंकेत सचिनचा १० नंबर घातला तर लोक त्याच्यावर तुटून पडले होते, आणि सचिन तर तेव्हा चांगला हिंडता-फिरता माणूस. नंबरात माणसांचा जीव किती गुंततो ते तेव्हा दिसलं. त्या मुलाला तेव्हा उगाच बोलणी खावी लागली, असं मला आजही वाटतं.

२०२४-२५ च्या मोसमात बंगळुरूचा संघ अंधेरीला खेळायला आला. भावाने सकाळीच ठरवलं होतं, भेकेचाच शर्ट घालायचा. पनवेलहून हार्बरने वडाळा, तिथे गाडी बदलून अंधेरी, मग मेट्रोने आझाद नगर. स्टेडियमकडे चालत जाताना बाजूने आकाशी शर्टांची रांग चाललेली, त्यांत छांगटे, बिपिन, एखादा जुना जाहू, एखादा फोर्लानसुद्धा. आमच्या मागच्या रांगेतल्या एकाने भावाच्या खांद्यावर टिचकी मारली. "भाऊ, हा आता तिकडचा." भाऊ वळून म्हणाला, "करंडक इकडेच आहे ना? मग झालं." तो माणूस हसला आणि मध्यंतरात आम्हाला चहा पाजला. सामना गोलशून्य सुटला. पुढे एप्रिलमध्ये अंतिम सामन्याला सॉल्ट लेकवर बंगळुरू आणि मोहन बागान समोरासमोर आले, म्हणजे भेकेचा क्लब आणि अपुइयाचा क्लब. आम्ही दोघांनी आपापले मुंबईचे शर्ट घालून तो सामना घरी पाहिला. बागान २-१ ने जिंकलं. आईने विचारलं, आज आपण कोणाकडून? दोघांनाही पटकन उत्तर देता आलं नाही.

नव्या मोसमाला भावाने कोरा शर्ट आणला आणि आम्ही पुन्हा पेणच्या काकांकडे गेलो. त्याला छांगटे ७ हवा होता. काकांनी व्हिनाइलचे नमुने काढले तर तो म्हणाला, "हे नको. ते दुसरं, धाग्यात जाणारं." काकांनी त्याला सावध केलं, मग निघणार नाही, बदलता येणार नाही, तो उद्या दुसरीकडे गेला तर परत माझ्याकडे येऊ नको. भावाने मापाची पट्टी हातात घेतली, खांद्याच्या शिवणीपासून चार बोटं खाली खूण केली आणि नाव तिथे यायला हवं, त्याच्या वर नको, म्हणून सांगितलं. शर्ट दोन दिवसांनी मिळाला. पहिल्याच पावसात भिजला आणि रात्रीतून वाळला.